सुनीताला आणायला गेले तेव्हा

लोक कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जातात. मी लेकीला शाळेतून काढायला गेले होते. सत्त्याण्णव साल असेल. सुनीता पंधरा वर्षांची, जन्मापासून बहिरी, तिकडं मूकबधिर मुलींच्या वसतिगृहात. घरातली बाकी सगळी ऐकणारी. मालकांचं म्हणणं, "सातवी झाली, बास झालं की. आता घरकाम शिकू दे." सुनीताला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

गारगोटीहून सकाळची एस.टी. धरली. खिडकीतून ऊस दिसला, मग परत ऊस. शेजारची बाई म्हणाली, "कुठं निघालासा, अक्का?" सांगितलं.

"बहिरी व्हय? मोठ्यानं बोलून बघितलंसा काय?"

"पंधरा वर्षं," म्हटलं.

वसतिगृहाच्या बाईंना मी येण्याचं कारण सांगितलं. त्या दचकून म्हणाल्या, "मावशी, मला ऐकू येतंय की." लेकीमुळं घशाला सवय झालेली.

त्यांनी मला मुलींच्या पंगतीत जेवायला बसवलं. मी नेलेला खर्डा (ठेचलेली हिरवी मिरची) पंगतीत फिरायला गेला तो परत आला नाही. सुनीता एका हातानं जेवत होती, दुसऱ्यानं काहीतरी सांगत होती आणि वीस पोरी खदाखदा हसत होत्या. माझी लेक विनोदी आहे, हे मला तिथं कळलं. तिच्या कोपराला हात लावून मी खुणेनं विचारलं, काय झालं? तिनं हात झटकला. काही नाही, नंतर सांगते.

घरी आम्ही जेवताना हसलो की ती असंच विचारते, आणि आम्ही असंच सांगतो. नंतर कधी सांगितल्याचं काही मला आठवेना.

जेवण झाल्यावर बाईंनी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज पुढं केला. सुनीता भरलेली ट्रंक घेऊन दारात उभी. मला धड खुणा येत नव्हत्या. मी ट्रंकेकडं बोट केलं, दाराकडं केलं, मग तिच्याकडं बघून भुवया वर केल्या. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग आत गेली आणि ट्रंक पायानं कॉटखाली सरकवली.

मी आठवीच्या फॉर्मवर सही करून संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

मालक दारातच होते. "पोरगी कुठं हाय?"

"यायचं न्हाय म्हणाली."

"म्हणाली? कशी म्हणाली?"

"जाऊन विचारा की."

रविवारी ते तणतणत गेले, आणि आले तेही एकटेच. चपला काढून पायरीवर बसले.

"पोरगी लई बोलती की गं," म्हणाले.