नलूताईंची सुई

कोपरच्या आमच्या बिल्डिंगीत सकाळ सूर्यामुळे व्हायची नाही, नलूताईंच्या सुईमुळे व्हायची. दूधवाल्याच्याही आधी त्या गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. आधी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायचा, तो काढायचा, मग दुसरा डोळा मिटून पुन्हा ओवायचा. दोन्हीदा गेला, की पार स्टेशनातला पोर्टर दचकेल अशा आवाजात जाहीर करायच्या, "आहे गं बाई, नजर आहे!" पहिल्या फटक्यात नाही गेला, तर तो जाईपर्यंत चहासुद्धा घशाखाली उतरत नसे.

नलूताई ब्लाऊज शिवायच्या. त्यांच्या हातचा ब्लाऊज घालून बोहल्यावर चढलेली मुलगी सासरी जाताना रडत नाही, कारण रडताना फिटिंग बिघडेल अशी तिला धास्ती असते, असं अख्खी डोंबिवली म्हणायची. म्हणजे मी म्हणायचो आणि कोणी खोडून काढायचं नाही. नवरा काविळीनं गेला तेव्हापासून त्या, मशीन आणि सुई. "सुई आहे तोवर मी आहे," हे त्यांचं पेटंट वाक्य.

पण या बाईच्या पोटात एक भीती घर करून होती. त्यांची आई संगमेश्वराकडच्या गावात आंधळी होऊन गेली होती. शेवटी शेवटी ती दाराचा खांब धरून बसायची आणि पावलं वाजली की विचारायची, "कोण ते?" नलूताई हे सांगताना आईचा आवाज काढायच्या. एरवी मी कसल्याही गोष्टीत फोडणी घालतो, पण हिच्यात कधी घातली नाही.

बाकी त्यांची नजर घारीची. पांढऱ्या कापडावरचा पांढरा टाका पलीकडच्या गॅलरीतून ओळखतील. फक्त आमच्या कपबश्यांचं आणि त्यांचं काही हाडवैर होतं. माझी बायको सुनंदा त्यांच्या शेजारी चहा ठेवायची आणि पुढच्या क्षणी कप फरशीवर. त्यावर नलूताई उलट तिलाच, "अगं सुनंदा, तुझा मेला कप मांजरासारखा दबा धरून बसतो." जिन्यात पोरं आडवी आली की मला ओरडून विचारायच्या, "ही कार्टी जमिनीतून उगवतात काय रे, दिनू?" आम्ही खो खो हसायचो. त्याही हसायच्या.

नव्वद सालच्या आसपास रविवारच्या पुरवणीत त्यांनी वाचलं, की गाजराला जो पदार्थ रंग देतो, तोच शरीरात गेल्यावर डोळ्यांच्या कामी येतो आणि आता त्याच्या गोळ्याही मिळतात. झालं! मस्कतच्या पुतण्याला निरोप गेला आणि एक भलीमोठी बाटली आली. आत केशरी, लुसलुशीत, मण्यांसारख्या गोळ्या. बाटलीवर रोज एक घ्या असं लिहिलं होतं. नलूताईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे ज्यांना भीती नाही त्यांच्यासाठी." त्या सकाळी, दुपारी, संध्याकाळी मूठभर घेऊ लागल्या. वर गाजराचा रस, गाजराची कोशिंबीर. कल्याणच्या बाजारात गाजराचा भाव त्यांच्यामुळे चढला, असं मी सगळ्यांना सांगायचो.

"एवढ्या कशाला घेता?" सुनंदा विचारायची.

"रंग आत गेला पाहिजे गं. आत गेला की नजरेत उतरतो."

रंग आत गेला, पण बाहेरही आला. आधी तळहात पिवळे झाले, मग तळपाय, मग नाकाचा शेंडा. एके सकाळी त्या गॅलरीत उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं सूर्यच लुगडं नेसून आला. मी हसणार होतो. पण त्यांनी आपले तळहात माझ्यासमोर धरले.

"दिनू, हे असेच पिवळे झाले होते रे. असेच."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान. माझं हसू तिथंच वाळलं.

बातमी तळमजल्यापर्यंत पोचली आणि बिल्डिंगीनं अंथरूण धरायचं तेवढं बाकी ठेवलं. टाकीचं पाणी उकळायला लागलं, लोक एकमेकांच्या जिभा बघायला लागले. ठाण्याजवळच्या बाळकुमहून काविळीची माळ घालणारे एक म्हातारे कोळी आले. कसल्याशा झाडाच्या काड्या दोऱ्यात गाठवलेली ती इवलीशी माळ. त्यांनी ती नलूताईंच्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवली. "माल वाढंल तशी कावील उतरंल. काय भ्यायचा नाय, बाय."

माळ वाढत वाढत गळ्यात उतरली, मग छातीपर्यंत आली. नलूताई पांढऱ्याफटक पडल्या, म्हणजे त्या रंगावर जेवढं पडता येईल तेवढ्या. "वाढतेय म्हणजे आहेच!" ते बघून बिल्डिंगीतल्या प्रत्येकानं माळ घालून घेतली. सगळ्यांची वाढली! माझी तर गुडघ्याला टेकली. सुनंदानं उरलेली एक माळ खुंटीला टांगली, तर सुकता सुकता तीही लांबली.

"खुंटीलाही कावीळ झाली वाटतं," सुनंदा म्हणाली आणि तिनं पदर खोचला. "नलूताई, पुरे हे. चला डॉक्टरकडे."

पण नलूताई हलेनात. गोळ्यांनी रंग आला असेल हे त्यांनाही कळत होतं. त्यांचा पेच वेगळाच होता. "सोडल्या तर नजर जाईल, घेतल्या तर जीव. मी काय निवडू, सांग."

शेवटी ठाण्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. बाईंनी पापणी खाली ओढून पाहिली आणि हसल्या. "बुबुळाभोवतीचं पांढरं अगदी पांढरं आहे. काविळीत आधी हेच पिवळं होतं. हा गाजराचा रंग कातडीत साठलाय. गोळ्या थांबवा, हळूहळू उतरेल."

आम्ही सुटकेचा असा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद उडाले. पण नलूताईंनी लगेच पिशवीतून सुई काढली. "थांबवल्या तर ही दिसेल का?" आणि तिथंच, पहिल्या फटक्यात, दोरा ओवून दाखवला.

बाईंचं हसू ओसरलं. "तुमच्या घरात कोणाची नजर गेली होती?"

"आईची. पण शेवटच्या वर्षापर्यंत तांदळातला खडा बरोब्बर टिपायची. उंबऱ्याला तेवढी अडखळायची."

बाई उठल्या. नलूताईंचा एक डोळा त्यांच्याच हातानं झाकायला लावला. "माझ्या नाकाकडे बघा. बाजूनं माझं बोट येईल. दिसलं की सांगा."

बोट कानाच्या रेषेत आलं. नलूताई गप्प. गालापर्यंत आलं. गप्प. मी मागे बसून ते बोट बघत होतो आणि मनात ओरडत होतो, अहो म्हणा ना, दिसलं म्हणा! बोट जवळजवळ नाकासमोर आलं, तेव्हा त्या आनंदानं म्हणाल्या, "हां! हे काय, दिसलं की!"

मला एकेक कप आठवला.

नंतर तपासण्या झाल्या. काचबिंदू होता. तो कडेकडेनं नजर खात येतो आणि मधली शेवटपर्यंत ठेवतो, बाईंनी समजावून सांगितलं. सुई नेमकी मधल्या नजरेत बसायची. "गाजर खा, चांगलंच आहे ते. पण डोळ्यामागची शीर जेवढी सुकली, तेवढी कुठलाही रंग परत आणत नाही. उरलंय ते थेंबांनी राखू."

नलूताईंनी हातातल्या सुईतला दोरा ओढून काढला. मग म्हणाल्या, "म्हणजे मेली रोज खोटं बोलत होती माझ्याशी."

रंग उतरला, भीती राहिली. थेंबांनी पुष्कळ वर्षं निभावून नेली. रिकाम्या बाटलीत हुक आणि बटणं आली. गॅलरीतली सुई बंद झाली आणि त्याऐवजी सकाळी सुनंदाला हाक यायची, "ये गं, बोटं नाचव!" सुनंदा बाजूनं बोटं नाचवायची आणि बोटं कुठे दिसली ते नलूताई सांगायच्या. कप आम्ही त्यांच्या समोर ठेवू लागलो. बिल्डिंगीतली पोरंसुद्धा समोर येऊन, नाव सांगून मगच बोलायची.

त्या गेल्या तो दिवस आठवतो. सगळी बिल्डिंग खोलीत जमली होती आणि रीतीप्रमाणे खाटेच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं उभी होती. नलूताई सरळ भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांनी हात उचलून चाचपडल्यासारखा केला आणि विचारलं, "कोण ते?"

तो आवाज मी आधी ऐकला होता. त्यांच्याच तोंडून, त्यांच्या आईचा.

"आम्ही सगळे आहोत, नलूताई!" मी म्हणालो.

"मग समोर या ना रे," त्या म्हणाल्या. "बाजूला उभे राहिलात, तर मी एकटीच आहे."

आम्ही सगळे खाटेच्या पायथ्याशी गेलो, एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून, त्यांच्या नजरेच्या चिमुकल्या वर्तुळात मावायची धडपड करत.