भिंतीवरची बुरुलचा, बशीतला कीदिर

बुरुलचा-एजे, म्हणजे आमची बुरुलचाताई, माणसांना अरेतुरे करायची, मधमाश्यांशी मात्र अदबीने बोलायची. पेटी उघडण्याआधी झाकणावर दोनदा टकटक करायची, जणू आत कुणी कपडे बदलतंय. अत्तर लावून आलेल्याला कुंपणाबाहेर बसवून चहा द्यायची. स्वतःच्या चहात मध कधी घातला नाही. मेलेली माशी दिसली की उचलून कोटाच्या खिशात टाकायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

ती मार्चमध्ये गेली. मला अजून खरं वाटत नाही.

नारिनच्या एका हॉटेलात मी सकाळचा नाश्ता लावते. साहित्याची पदवी आहे म्हणून पाट्याही मीच लिहिते. गेल्या वसंतात आमच्या मॅनेजरनी, शाइरबेकनी, ठरवलं की पाहुण्यांना फक्त सचोटीच्या माणसांचा मध द्यायचा. तशी माणसं शोधायला बिश्केकहून एक बाई आली. चाळीस प्रश्न घेऊन.

"हिवाळ्यात माश्यांना साखरपाणी किती देता?"

"थेंबभरही नाही. त्यांचा मध त्यांना ठेवते. उरला तर मी घेते."

"आणि नाही उरला तर?"

"तर मी साखर खाते. तुझ्यासारखी."

एजेला पैकीच्या पैकी गुण मिळाले. नाश्त्याच्या दालनात तिचा मोठा फोटो लागला. खाली मी लिहिलं, 'हिच्या माश्या उपाशी राहत नाहीत.'

जुलैत बर्फ पडला. कुरणातली फुलं गेली. ऑगस्टमध्ये मी डबे घेऊन तिच्या गावी, आत-बाशीला गेले, तर एजेने ते रिकामेच परत दिले.

"यंदा त्यांच्यापुरताच आहे. मॅनेजरला सांग, तुझ्या परीक्षेत पास झाले ना, म्हणूनच मध नाही."

मॅनेजरनी तिच्या शेजारच्या कीदिर-आकेकडून, कीदिरदादाकडून मध घेतला. तो माश्यांना पोत्याने साखर चारायचा. फोटो एजेचाच राहिला.

"कीदिरचं तोंड बघून कुणाला भूक लागेल का?" मॅनेजर म्हणाले.

एजेच्या कानावर गेलं. फोटो उतरवायला ती पहिल्या गाडीने आली. मॅनेजर हसत पुढे झाले.

"या एजे, या! आधी घासभर पाव तर घ्या."

आमच्यात पुढे केलेल्या पावाला नाही म्हणत नाहीत. आणि घास खाल्ला की त्या घरच्या अन्नाला नावं ठेवत नाहीत. पावावर मध होता. एजेने घास तोंडात घेतला. चावणं मध्येच थांबलं. आता बोलेल, असं मला वाटलं.

तिने गिळला. मग रीतीप्रमाणे तळवे उघडून दुवा दिली, चेहऱ्यावरून हात फिरवले. दोन जर्मन पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिचे फोटो काढले. त्यातला एक मॅनेजरनी मागून घेऊन पहिल्याशेजारी लावला. भिंतीवर आता दोन बुरुलचा झाल्या.

गाडीच्या थांब्यावर ती म्हणाली, "कीदिरच्या साखरेला मीच दुवा दिली गं."

"मग आत जा आणि सांग सगळ्यांना!"

"त्यांचं मीठ खाल्लंय. पण मी खोटी ठरले तर उद्या आजारी माणूससुद्धा माझ्या हातचा मध घेणार नाही."

"मग करायचं काय?"

"फोटो खरा करायचा."

घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी, आजाऱ्यांसाठी म्हणून तिने जुना पांढरा मध राखून ठेवला होता. त्यातली एक बरणी दर सोमवारी येऊ लागली. कीदिरची बरणी उचलायची आणि तिची ठेवायची, हे माझं काम. मॅनेजरना कळलं नाही. पाहुण्यांना कळलं. तिघांनी तक्रार केली की पूर्वीचा मध जास्त गोड होता. मी ते एजेला सांगितलं. ती खोकला लागेपर्यंत हसली.

ती गेली तो रविवार होता. दुपारी मी तिच्या घरी पोचले. बायका रडत होत्या. मी मागच्या दाराने पेट्यांकडे गेले, एकेकीला कान लावला. एकोणीसच्या एकोणीस गुणगुणत होत्या.

स्वयंपाकघरात टेबलावर सोमवारची बरणी होती. अर्धीच भरलेली. शेजारी मधाचं मातीचं भांडं भिंतीला टेकवून कलतं केलेलं, तळाचं खरवडून निघावं म्हणून. थंडीने मध घट्ट झाला होता. चमचा त्यात उभाच होता.