नवव्या मजल्यावरून

"वर बघू नका वयनी, रंग डोळ्यात जायत!" खालून कोणी जाताना दिसलं की तो दोराला टांगलेल्या फळीवरून असं ओरडायचा. चारकोपच्या आमच्या इमारतीला तो बाहेरून रंग देत होता. मालवणकडचा, पन्नाशीचा, शिडशिडीत. असे रंगारी तुम्हीही पाहिले असतील. पाहिले म्हणजे, त्यांच्या पायांचे तळवे.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. एका सकाळी त्याने मला जिन्यात गाठलं.

"साहेब, माणसा पाच आणि कमरेक बांधूचे पट्टे दोनच आसत."

"कंत्राटदाराला सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही. राहून गेलं, असं तेव्हा स्वतःला समजावलं.

चौथ्या दिवशी नवव्या मजल्यावर फळीच्या दोराची गाठ सुटली. तो पार्किंगच्या पत्र्यावर आदळला आणि पत्र्यासकट खाली आला. कंबर मोडली, जीव राहिला.

हॉस्पिटलात मी विचारू नये ते विचारलं. "पडताना काय वाटलं रे?"

"रंगाचो डबो कोणाच्या तरी डोक्यार पडतलो, ह्याच मनात इला. पाचव्यावरची बाई चपात्यो लाटत होती. तिच्या हाताक पीठ होता."

"तेवढ्यात एवढं दिसलं?"

"दिसला. भीती मागसून इली. आता डोळो लागलो की परत पडतंय."

दुसऱ्याच दिवशी कंत्राटदार कागद घेऊन माझ्या घरी आला. पट्टा दिला होता, कामगाराने स्वतःहून लावला नाही, असं त्यात होतं. साक्षीदार म्हणून सही हवी होती. सोसायटीवर बालंट नको, असं कमिटीचंही मत पडलं. मी सही केली.

सहा महिन्यांनी वाकोल्याला त्याच्या खोलीवर गेलो. तो जमिनीवर चटई टाकून बसला होता. बायको म्हणाली, "खाटेवर झोपत नाहीत. तेवढी उंचीही नको म्हणतात." बोलताना त्याने दोन्ही तळहात फरशीवर दाबून धरले होते.

"मी खोटी सही केली," मी म्हणालो. "तेव्हाच खरं सांगायला हवं होतं."

"मग आता सांगा ना, साहेब. मी जितो आसंय."

बघतो, असं म्हणून मी चप्पल घातली.

त्यानंतर ते दोघे गावी गेल्याचं कळलं. खोलीत आता दुसरं कुटुंब राहतं. मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही.