गच्चीवरची काजळी

पलूसला माहेरी वाळवण घातलं की राखण करायची ती कावळ्यांपासून. विट्यात सून म्हणून आले आणि कळलं, कावळे परवडले. इथे घरामागेच सायझिंग होतं. सूत मागावर चढवण्याआधी तिथे त्याला खळ लावतात, आणि त्यासाठी बॉयलर लागतो. त्या बॉयलरची चिमणी आमच्या गच्चीतून हात लांब केला तर लागेल इतकी जवळ वाटायची. धुणं वाळत घातलं की तासाभरात पांढऱ्या चादरीवर काळे ठिपके. झटकले की ठिपका जाई आणि त्याची रेघ उमटे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं हवामान खातं सकाळीच सुरू व्हायचं. गच्चीत उभं राहून, डोळे बारीक करून त्या सांगायच्या, "आज धूर खानापूरकडं चाललाय. घाल बिनघोर." पण एका हिवाळ्यापासून जिना चढताना त्यांना धाप लागू लागली होती. डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब राहा. दवाखान्यातून बाहेर पडताना आत्याबाई मला म्हणाल्या, "लांब म्हंजी कुठं? घर काय बैलगाडी हाय व्हय हाकलायला?"

उन्हाळ्यात आम्ही कुरडया घातल्या. गहू भिजवा, वाटा, चीक शिजवा, सोऱ्या दाबून दाबून दंड भरून आलेले. गच्चीभर पांढऱ्याशुभ्र कुरडया बघून मी फोटोसुद्धा काढला. दुपारी वारा फिरला. शिवाय त्या दिवशी चिमणीतून नेहमीचा धूर येत नव्हता, जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. आम्ही वर पोचेपर्यंत कुरडयांवर काळी फुलं पडली होती, आणि ओल्या चिकात ती रुतूनच बसली.

मला रडू यायचं ते संतापच आला. "तक्रार करू. मोबाइलवरून होते."

नवऱ्याचा चेहरा पडला. खालच्या शेडमध्ये आमचे माग आहेत आणि त्यांना लागणारी बीमं, म्हणजे खळ लावलेलं सूत गुंडाळलेले मोठे रूळ, त्याच सायझिंगमधून येतात. "त्यांनी बीमं द्यायची बंद केली तर माग काय फुंकर मारून चालवू?"

आत्याबाई दोघांचं ऐकत शांतपणे कुरडया उलटत होत्या. म्हणाल्या, "तक्रार नगं. त्यास्नी चा प्यायला बोलव. आणि हितं, गच्चीवर."

सायझिंगचे मालक गावकीच्या नात्यानं आत्याबाईंचे भावजी लागायचे. आठवड्याभरानं ते आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट. चिमणीकडं तोंड करून आत्याबाईंनी खुर्ची मांडली होती. मी पोहे आणि तळलेल्या कुरडया आणून ठेवल्या. त्यांनी एक कुरडई मोडून तोंडात टाकली, दुसरी हातात घेऊन नीट न्याहाळली.

"वैनी, कुरडईत तीळ घालताय व्हय तुमी?"

"आमी न्हाई घालत," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी घालताय."

त्यांचं चावणं थांबलं. त्यांनी चिमणीकडं पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याकडं. तिथेही दोन-तीन ठिपके येऊन बसले होते. मी पदर तोंडाशी धरला. नवरा कठड्यापलीकडं काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखा बघत राहिला.

"लाकूड मिळंना," ते म्हणाले. "म्हणून चिंध्या न् कचरा घालत हुतो. न्हाई घालत आता." आणि मग ते एकदम हसले. उभे राहून त्यांनी आपली पँट दाखवली. गुडघ्यापासून खाली ती कापसाच्या बारीक तंतूंनी पांढरी झाली होती. "शर्टावरचं काळं माजं, वैनी. ह्ये पांढरं कुणाचं?"

आमच्या शेडचा पंखा बाहेर गल्लीत हवा फेकतो. जिन्याकडं येताना ते त्याच्यासमोरून आले होते. शेजारणीच्या कढीपत्त्यावर बाराही महिने कापूस असतो हे आम्हाला रोज दिसायचं. तिनं कधी चहाला बोलावलं नाही एवढंच.

आता पदर तोंडाशी धरायची पाळी आत्याबाईंची होती. "घ्या," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "आलं आपल्यावर."

ते मात्र मजेत दुसरी कुरडई खात बसले. जाताना म्हणाले, "तीळ असलं तरी चव लय ब्येस हाय."

चिंध्या जाळणं खरंच बंद झालं. पावसाळ्यानंतर चिमणीला धूळ अडवणारं यंत्र बसलं. काजळी पुरती गेली नाही, पण चादरी पुन्हा पांढऱ्या म्हणण्याजोग्या झाल्या. आमच्या पंख्याला नवऱ्यानं बारीक जाळी मारली. चार दिवसांत ती इतकी गच्च भरली की काढली तेव्हा दुलईसारखी सोलून निघाली. हे सगळं एरवी गल्लीत जात होतं, आणि शेडमधल्या माणसांच्या छातीत किती, ते कुणास ठाऊक. त्यानंतर शेडमध्ये नाकाला रुमाल बांधायचा नियम झाला. नवरा स्वतः तो सोईनं विसरायचा, तेव्हा आत्याबाई शेडच्या दारात उभ्या राहून नुसतं नाकावर बोट ठेवायच्या. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, पण ते बोट बरोबर कळायचं.

त्यांची धाप अजून आहे, थोडी कमी. माग बंद असतात त्या वारी नवरा जाळी झाडतो, आणि शेजारीण आपल्या दारातून ओरडते, "आवं, वाऱ्याकडं तरी बघा!"