समिती आली त्या दिवशीचा राब

तलासरीच्या आमच्या कॉलेजच्या कुंपणाला लागूनच आमचं शेत आहे. शेत कसलं, तुकडाच. त्याच्या कोपऱ्यात आई दर उन्हाळ्यात राब रचते: शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या आणि वर मातीचा थर. पावसाआधी तो भाजायचा आणि त्या राखेत भाताचं बी टाकायचं. राब भिजला की धड भाजत नाही, मग रोपांपेक्षा तणच माजतं. हे आमच्या पाड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल.

आणि मी कॉलेजात हरित गटाची सचिव! फाटकावरचा ‘धूरमुक्त परिसर’ हा फलक माझ्याच अक्षरात आहे. कचरा जाळणं आम्ही बंद पाडलं, पाल्यासाठी खतखड्डे खणले, प्लास्टिकवरून कॅन्टीनवाल्याशी भांडलो. ते सगळं मला मनापासून पटत होतं, आजही पटतं. पण फलक लागला तेव्हापासून आईनं मला राबाचं काही काम सांगणंच सोडलं. पाला वेचायला एकटी जायची. मी विचारलं तर म्हणायची, “तुझा अभ्यास कर.” हे मला फार लागायचं.

त्यात विद्यापीठाची समिती कॉलेज बघायला यायचं ठरलं. आमच्या गटाची अध्यक्ष डहाणूच्या कोळीवाड्यातली, तोंडानं फटकळ आणि मनानं साफ. ती म्हणाली, “आईला सांग ना, समिती जाईपर्यंत थांबा. पुढे आपला फलक आणि मागे धुराचा लोट, कसं दिसेल ते?”

मी आईला सांगितलं. वाटलं होतं, चांगली फैलावर घेईल. ती शांतपणे म्हणाली, “बरं. तू कुंपणाशी येऊन सांगशील, तवाच पेटवीन.” भांडली असती तर परवडलं असतं.

समिती सकाळी यायची ती दुपारी उगवली. आधी जेवण, मग भाषणं, मग फोटो. मी खतखड्ड्याशी उभी राहून पाठ केलेलं बोलत होते आणि डोळे सारखे वर जात होते. आभाळ काळं होत चाललं होतं. कुंपणापलीकडे आई राबाशेजारी काडेपेटी घेऊन बसली होती, नजर माझ्यावर. माझा पाय एका जागी ठरेना. एकच वाक्य मी पुन्हा म्हटलं, तेही चुकीचं.

तेवढ्यात अध्यक्ष माझ्या कानाशी पुटपुटली, “पाऊस येतोय गं.” तिच्या घरी दारात बोंबील वाळत असतात, ढग दिसला की मासळी उचलायला धावत सुटणाऱ्यांतली ती. “आम्ही आत्तापर्यंत सगळं आत घेतलं असतं,” ती म्हणाली.

मग मला राहवलंच नाही. समितीसमोरच मी ओरडले, “आये, पेटव!”

राब धुमसू लागला. वाऱ्यालाही तेव्हाच फिरायचं सुचलं. सगळा धूर कुंपण ओलांडून आमच्यावर आला. समिती खोकायला लागली, आमचे सर माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत राहिले, आणि अध्यक्ष डोळे पुसत पाहुण्यांना राब म्हणजे काय ते समजावत बसली.

पाऊस? एक थेंब पडला नाही. सगळे ढग गुजरातकडे निघून गेले. “वा गं तुझा अंदाज,” मी अध्यक्षेला म्हटलं. ती हसलीही नाही. समितीनं आमच्याविषयी काय ठरवलं ते अजून कळलेलं नाही, आणि माझा जीव त्यात अडकलेलाच आहे.

संध्याकाळी शेतात गेले तर आई काठीनं राख सारखी करत होती. मी म्हटलं, “थांबलो असतो तरी चाललं असतं. उगाच ओरडले.”

“चाललं असतं,” ती म्हणाली. मग हातातली काठी माझ्यापुढे धरून म्हणाली, “ती पलीकडची बाजू तू कर.”