पायाळूची टाच

नातीचा घोटा कबड्डीत मुरगळला. सून हळद-तेल गरम करू लागली आणि त्या वासाने मला तेल्हाऱ्याचं आमचं अंगण आठवलं. खो-खो खेळताना माझाही घोटा असाच सुजला होता. आईने पायाळू काकूला बोलावलं. पायाकडून जन्मलेल्याच्या लाथेने लचक उतरते, असं सगळे मानत.

"काहून बोंबलतं वं? उतरून राहिली ना लचक!" म्हणत काकूने सुजेवर टाच दाबली. दुसऱ्या दिवशी आईने मला कापूस वेचायला नेलं. मी पुन्हा कधी धावले नाही. तेव्हा नशीब समजले, आता संताप येतो. त्या पायाला नुसता आराम हवा होता.

मी गॅस बंद केला. "पोरीच्या पायाले कोनी हात नोका लावू. बर्फ आना. तिले अजून धावाचं हाये."