स्वल्प थांब

आमच्या घरात 'जरा' हा शब्दच नव्हता. बंगळुरात, बसवनगुडीत पिढ्यान्‌पिढ्या राहून आमची मराठी निम्मीशिम्मी कानडी झाली होती. 'जरा'च्या जागी आम्ही 'स्वल्प' म्हणायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं मला विशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते प्रेक्षकांनी. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकात मरणाऱ्या बापाचा हात धरून मला 'बाबा, जरा थांबा' असं म्हणायचं होतं. दिवसभर कारखान्यात नकाशे काढायचे आणि दोन बस बदलून तालमीला जायचं, असा महिना काढला होता. ऐन वेळी तोंडातून निघालं, "बाबा, स्वल्प थांबा." पुण्यामुंबईहून आलेले इंजिनिअर सहकुटुंब पोट धरून हसले. मरणारा बापही पांघरुणाखाली खुदखुदला. पुढे मंडळात माझं नावच 'स्वल्पविराम' पडलं. मीही सगळ्यांबरोबर हसायचो, पण फार लागलं होतं.

मग तांदळातले खडे निवडावेत तसे मी घरातले शब्द निवडायला लागलो. आई काही बोलली की लगेच दुरुस्त करायचो. "सरी," म्हणायची बिचारी, म्हणजे 'बरं', आणि तेही कानडीच.

अशातच मला सिनेमा काढायचं खूळ लागलं. बंगळुरातल्याच शिवाजीनगरातला एक फोटोवाला रविवारी कॅमेरा घेऊन घरी यायला तयार झाला. गोष्ट दहा मिनिटांची: मुलगा नोकरीसाठी घर सोडतो आणि आई त्याला दारात थांबवते. मुलगा मी, आई माझी आईच. दारात उभी राहून ती म्हणाली, "स्वल्प थांब की रे, जेवून जा." तिला काही शिकवावं लागलं नाही.

कॅमेरा मुका होता. आवाज नंतर टेपवर भरून चित्राबरोबर वाजवायचा होता. तो मी आईचा घेतला नाही. मंडळाच्या नाटकातल्या नायिकेला, एका इंजिनिअरच्या पुणेरी बायकोला, गळ घातली. त्या फार गोड बोलल्या, "जरा थांब ना रे, जेवून जा."

त्यानंतर सहा महिने कारखान्यातून आलो की मी ते एक वाक्य चित्राशी जुळवत बसायचो. डोळे चुरचुरायचे, पाठ धरायची, आणि जुळायचं नाही ते नाहीच. 'स्वल्प'मधल्या 'प'ला आईचे ओठ मिटायचे. 'जरा' म्हणताना ते मिटतच नाहीत. शेवटी कंटाळून जुळवायचा नाद सोडला. म्हटलं, कुणाच्या लक्षात येतंय!

मंडळाच्या हॉलमध्ये खेळ झाला. या वेळी कुणी हसलं नाही, टाळ्या मात्र चांगल्या पडल्या. सगळा आटापिटा त्यासाठीच होता, तरी मला खुर्चीतून उठवेना. आई शेजारीच बसली होती. रिकाम्या पडद्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "किती शुद्ध बोलले की रे मी."

तो टोमणा नव्हता. तिला टोमणे मारता यायचे नाहीत. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस चुकेल म्हणून मी घाईघाईने बाहेर पडलो. आई डबा घेऊन मागोमाग दारात आली. काहीतरी म्हणता म्हणता तिचे ओठ मिटले, तशीच थांबली, आणि मग अगदी त्या बाईंसारखं म्हणाली, "जरा थांब ना रे."